नोड प्रोग्रॅममध्ये फ्रंट-एंड पॅकेजेस लोड करणे : एक चिकित्सा

प्रस्तावना

जावास्क्रिप्ट ही एकच भाषा ब्राउझरमध्येही चालते आणि सर्व्हरवरही चालते, हे आपण पहिल्याच तासाला शिकतो. त्यातून एक प्रश्न सहज निर्माण होतो. ब्राउझरसाठी आणलेले पॅकेज प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये आधीच आहे, तर तेच नोडच्या प्रोग्रॅममध्ये का वापरू नये? प्रश्न रास्त आहे. मात्र प्रयोगवह्यांत आणि प्रकल्प-अहवालांत त्याचे जे उत्तर दिसते, ते अर्धेच असते. ‘ही ओळ लिहा, फाइल लोड होईल’ असे सांगून ते थांबते.

या टिपणात आपण बाउअर या साधनाने आणलेली फ्रंट-एंड पॅकेजेस नोडमध्ये लोड करण्याच्या चार प्रचलित पद्धती तपासणार आहोत. या चारही पद्धती ‘फाइल कुठे आहे आणि ती चालवायची कशी?’ या सोप्या प्रश्नाचे उत्तर देतात. ‘हा कोड कोणत्या गृहीतकांवर लिहिला आहे?’ हा अवघड प्रश्न त्यांच्यामुळे झाकला जातो. झाकलेला प्रश्न नंतर त्रुटीच्या रूपाने वर आला, तर आपण सुदैवी. कधीकधी कोणताही त्रुटीसंदेश न देता तो चुकीच्या माणसाला चुकीची माहिती दाखवतो. तसे एक उदाहरण पुढे दिले आहे.

सूचना : सर्व तांत्रिक नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती मूळ लिपीतच टंकित करावीत.

पार्श्वभूमी : दोन फोल्डर, दोन जगे

रायन डाल यांनी 2009 मध्ये नोड प्रसिद्ध केले. मॉड्यूल लिहिण्याची कॉमनजेएस ही पद्धत नोडने स्वीकारली. तिच्यात प्रत्येक फाइल हे स्वतंत्र मॉड्यूल असते. बाहेर द्यायची गोष्ट ‘एक्स्पोर्ट्स’ या ऑब्जेक्टवर ठेवायची आणि दुसऱ्या फाइलने ती ‘रिक्वायर’ या फंक्शनने मागायची. 2010 मध्ये एनपीएम आले आणि सर्व्हरची पॅकेजेस ‘नोड_मॉड्यूल्स’ या फोल्डरमध्ये येऊ लागली.

ब्राउझरकडे त्या वेळी स्वतःची मॉड्यूल-पद्धत नव्हती. एचटीएमएल पानात स्क्रिप्टचे टॅग एकाखाली एक लिहायचे आणि प्रत्येक लायब्ररीने आपले नाव ‘विंडो’ या ग्लोबल ऑब्जेक्टवर टांगायचे, असा रिवाज होता. अशा लायब्ऱ्या आणण्यासाठी ट्विटरमधील अभियंत्यांनी 2012 मध्ये बाउअर प्रसिद्ध केले. त्याची पॅकेजेस ‘बाउअर_कॉम्पोनंट्स’ या फोल्डरमध्ये येत. एनपीएम एका पॅकेजच्या पोटात दुसरे पॅकेज ठेवू शकत असे. बाउअरची रचना सपाट होती, म्हणजे एका लायब्ररीची एकच प्रत. ब्राउझरला ते सोयीचे होते, कारण पानावर जेक्वेरीच्या दोन प्रती उतरवणे कोणालाच परवडणारे नव्हते.

2017 मध्ये बाउअरच्या चालकांनीच नव्या प्रकल्पांना यार्न आणि वेबपॅक यांच्याकडे जाण्याचा सल्ला दिला. मग आज बाउअरचे उदाहरण कशाला? कारण त्या काळी दोन जगांमधली सीमा दोन फोल्डरांच्या रूपाने डोळ्यांना दिसत होती. आज सर्व पॅकेजेस एकाच फोल्डरमध्ये येतात, त्यामुळे सीमा दिसत नाही. ती नाहीशी मात्र झालेली नाही.

ही गरज का भासते?

टीका करण्यापूर्वी गरज समजून घेऊ, कारण ती खोटी नाही. समजा, अर्जातील मोबाइल क्रमांक तपासण्याचे नियम एका लायब्ररीत आहेत. ब्राउझरमध्ये तपासणी झाली, तरी सर्व्हरवर ती पुन्हा करावीच लागते, कारण ब्राउझरकडून येणाऱ्या माहितीवर विश्वास ठेवता येत नाही. आता तीच लायब्ररी एका फोल्डरमध्ये एका आवृत्तीची आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये दुसऱ्या आवृत्तीची असेल, तर ब्राउझरने स्वीकारलेला अर्ज सर्व्हर नाकारेल. टेम्प्लेटचेही तसेच आहे. हँडलबार्सचे एकच टेम्प्लेट दोन्हीकडे वापरायचे असेल, तर एकच प्रत असणे चांगले. ‘एकच प्रत, एकच सत्य’ हा हेतू उत्तम आहे. तो साधण्याच्या पद्धती आता पाहू.

पद्धत पहिली : थेट मार्ग देऊन रिक्वायर करणे

रिक्वायरला फाइलचा पूर्ण सापेक्ष मार्ग दिला की नोड ती फाइल वाचतो. अंडरस्कोरसारख्या लायब्ररीबाबत हे लगेच जमते, कारण ती एक्स्पोर्ट्स उपलब्ध आहे का हे स्वतः तपासते आणि नसेल तर ग्लोबलवर नाव ठेवते. अनेक वातावरणांना सामावून घेणाऱ्या अशा आवरणाला यूएमडी म्हणतात.

अडचणी तीन आहेत. पहिली अडचण अशी की फाइलऐवजी नुसत्या फोल्डरचा मार्ग दिला, तर नोड ‘पॅकेज.जेसन’ शोधतो आणि ती नसेल तर ‘इंडेक्स.जेएस’. ‘बाउअर.जेसन’ त्याला ठाऊकच नसते. शिवाय बाउअरमधील ‘मेन’ या नोंदीत एकाहून अधिक फाइली असू शकत. बूटस्ट्रॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत त्या नोंदीत शैलीची लेस फाइल आणि जावास्क्रिप्ट फाइल अशा दोन्ही होत्या. शैलीची फाइल रिक्वायर केली, तर अनोळखी विस्तार पाहून नोड तिला जावास्क्रिप्ट समजतो आणि वाक्यरचनेची त्रुटी देतो.

दुसरी अडचण आतल्या अवलंबनांची. बॅकबोन ही लायब्ररी आतून अंडरस्कोर मागते. बॅकबोनची फाइल बाउअरच्या फोल्डरमधून घेतली, तरी तिच्या आतला रिक्वायर पुन्हा ‘नोड_मॉड्यूल्स’मध्येच शोधतो, आधी त्याच फोल्डरात आणि मग पायरीपायरीने वरच्या फोल्डरांत. तिथे अंडरस्कोर नसेल तर प्रोग्रॅम थांबतो. तिथे दुसऱ्या आवृत्तीचा अंडरस्कोर असेल, तर प्रोग्रॅम गुपचूप पुढे जातो. एकच प्रत वापरण्यासाठी हा खटाटोप केला आणि हाती दोन प्रती आल्या, तेही कोणी न सांगता.

तिसरी अडचण आवरणाची. नोड प्रत्येक कॉमनजेएस फाइल एका फंक्शनमध्ये गुंडाळून चालवतो. ब्राउझरच्या साध्या स्क्रिप्टमध्ये सर्वांत वरच्या पातळीवर ‘व्हार’ने घोषित केलेले व्हेरिएबल विंडोचे अंग बनते. नोडमध्ये ते त्या फंक्शनपुरतेच राहते. त्यामुळे एक्स्पोर्ट्सचा विचार न केलेली लायब्ररी रिक्वायर केली की हाती रिकामा ऑब्जेक्ट येतो. त्रुटी येत नाही, आणि कामाची वस्तूही मिळत नाही.

पद्धत दुसरी : शोधाचा मार्ग बदलणे

‘नोड_पाथ’ या पर्यावरणीय व्हेरिएबलमध्ये बाउअरचे फोल्डर लिहिले, की नोड शेवटचा पर्याय म्हणून तिथेही शोधतो. दुसरी युक्ती म्हणजे बाउअरच्या मांडणी-फाइलमध्ये त्याचे फोल्डर बदलून थेट ‘नोड_मॉड्यूल्स’ करणे.

पहिल्या युक्तीत प्रोग्रॅमचा अर्थ प्रोग्रॅमच्या बाहेर जातो. फाइल तीच, पण एका यंत्रावर चालते आणि दुसऱ्यावर नाही. परीक्षकांच्या संगणकावर प्रकल्प न चालण्याचे हे नेहमीचे कारण आहे. नोडच्या अधिकृत दस्तऐवजातही नोड_पाथची आता पूर्वीइतकी गरज नसल्याचे म्हटले आहे. नव्या ‘इम्पोर्ट’ पद्धतीत तर त्याचा विचारच होत नाही. दुसऱ्या युक्तीत दोन कारभारी एकाच कोठारात माल ठेवतात. एनपीएमने साफसफाई केली की त्याच्या यादीत नसलेली, म्हणजे बाउअरने आणलेली, पॅकेजेस तो काढून टाकतो. दोष एनपीएमचा नाही. त्याचे कोठार आपण न विचारता वापरले.

पद्धत तिसरी : व्हीएम मॉड्यूलने कोड चालवणे

फाइल मजकूर म्हणून वाचायची आणि नोडच्या ‘व्हीएम’ मॉड्यूलने चालवायची, ही तिसरी पद्धत. तिचे दोन प्रकार आहेत.

चालू संदर्भातच कोड चालवला, तर वरच्या पातळीवरची व्हेरिएबल्स खरोखर ग्लोबल होतात. लायब्ररी ‘मिळते’, पण ती संपूर्ण प्रोसेसला मिळते, त्यातील इतर पॅकेजेसनाही. दोन लायब्ऱ्यांनी एकच नाव वापरले, तर नंतर आलेली जिंकते.

वेगळा संदर्भ तयार करून कोड चालवला, तर नावांची गळती थांबते. पण त्या संदर्भात ‘सेटटाइमआउट’ किंवा नोडचा ‘कन्सोल’ आपोआप येत नाहीत. ते हाताने पुरवावे लागतात. शिवाय त्या संदर्भाचा ‘अॅरे’ हा कन्स्ट्रक्टर आपल्या अॅरेहून वेगळा असतो. तिथून आलेली यादी ‘इन्स्टन्सऑफ’ने तपासली, तर ती अॅरे नाही असे उत्तर येते. ‘अॅरे.इझअॅरे’ने तपासली, तर ती अॅरे आहे असे उत्तर येते. असा दोष शोधण्यात दिवस जातो.

आणखी एक गैरसमज येथे दूर करू. वेगळा संदर्भ म्हणजे सुरक्षित पिंजरा नव्हे. व्हीएम ही सुरक्षा-यंत्रणा नाही, अविश्वसनीय कोड चालवण्यासाठी ती वापरू नये, असे नोडचे दस्तऐवज स्पष्ट बजावते. ब्राउझरमधील कोड ब्राउझरच्या कुंपणात असतो. सर्व्हरवरील कोडच्या हाताशी फाइली, पर्यावरणीय व्हेरिएबल्स आणि बहुधा डेटाबेसचा पासवर्डही असतो.

पद्धत चौथी : खोटी विंडो उभी करणे

लायब्ररीला विंडो आणि डॉक्युमेंट हवे असतील, तर जेएसडॉमसारख्या पॅकेजने ते तयार करून द्यायचे, ही चौथी पद्धत. चाचण्या लिहिताना ती खरोखर उपयोगी आहे आणि त्या कामासाठी तिची शिफारस करतो.

प्रत्यक्ष सेवा देणाऱ्या सर्व्हरवर मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. जेएसडॉम पानाची मांडणी करत नाही. एखाद्या घटकाची रुंदी विचारली, तर शून्य येते. मांडणीवर आधारित घटक येथे ‘चालतो’, पण त्याचे गणित शून्यावर उभे असते. दुसरी गोष्ट अशी की ही खोटी विंडो नोडच्या ग्लोबलवर ठेवली, तर इतर पॅकेजेसही फसतात. ‘विंडो आहे, म्हणजे आपण ब्राउझरमध्ये आहोत’ असा निष्कर्ष अनेक लायब्ऱ्या काढतात आणि सर्व्हरसाठी लिहिलेली वाट सोडून देतात. एका लायब्ररीची समजूत काढायला सांगितलेले खोटे सगळ्या घराने खरे मानले, असा हा प्रकार आहे.

जेक्वेरीने येथे घेतलेली भूमिका अभ्यासण्याजोगी आहे. डॉक्युमेंट नसलेल्या कॉमनजेएस वातावरणात ती फाइल जेक्वेरी न देता एक फंक्शन देत असे. त्या फंक्शनला विंडो द्यावी लागत असे, आणि डॉक्युमेंट असलेली विंडो दिली नाही, तर हवे काय हे सांगणारी स्पष्ट त्रुटी येत असे. लायब्ररी आपले गृहीतक लपवत नाही, ते मागून घेते. चांगल्या रचनेची ही खूण आहे.

खरा धोका : सगळ्यांची मिळून एकच प्रोसेस

आतापर्यंतच्या बहुतेक अडचणी त्रासदायक आहेत, पण कधी ना कधी दिसतात. आता न दिसणारी अडचण पाहू.

ब्राउझरच्या एका टॅबमध्ये एकच माणूस असतो. म्हणून फ्रंट-एंडचा घटक लिहिणारा ‘सध्याचा वापरकर्ता’ हे व्हेरिएबल फाइलच्या वरच्या पातळीवर ठेवतो आणि त्यात काही गैर नाही. नोडमध्ये रिक्वायर केलेले मॉड्यूल एकदाच चालते आणि कॅशेमध्ये राहते. पुढची प्रत्येक विनंती तेच मॉड्यूल आणि तेच व्हेरिएबल वापरते. घरी आपला पेला टेबलावर राहिला तर बिघडत नाही. खानावळीत तोच पेला पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती जातो.

हे मी वाचून शिकलो नाही. माझ्या मार्गदर्शनाखाली एका गटाने अंतर्गत मूल्यमापनाचे गुण दाखवणारा प्रकल्प केला होता. ब्राउझरसाठी लिहिलेला एक सत्र-घटक त्यांनी पहिल्या पद्धतीने सर्व्हरवरही लोड केला. माझ्यासमोरचे प्रात्यक्षिक एका लॅपटॉपवर झाले आणि उत्तम झाले. मी सही केली. नंतर प्रयोगशाळेत एकाच वेळी वीसेक विद्यार्थ्यांनी ते उघडले, तेव्हा एका विद्यार्थिनीला दुसऱ्याचे गुण दिसले. तिने ते मोठ्याने वाचले. गुण कमी होते, आणि ज्याचे होते तो तिथेच बसला होता.

कारण शोधायला संध्याकाळ लागली. पहिल्या विनंतीने व्हेरिएबलमध्ये आपला क्रमांक लिहिला आणि ती डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहू लागली. तेवढ्यात दुसऱ्या विनंतीने तिथे आपला क्रमांक लिहिला. पहिलीचे काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा पान दुसऱ्याच्या क्रमांकावरून तयार झाले. कोणतीही त्रुटी नोंदवली गेली नव्हती, कारण यंत्राच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते. विद्यार्थ्यांनी लोड करण्याची ओळ बरोबर लिहिली होती. ती ओळ मीच शिकवली होती. त्या ओळीनंतर विचारायचा प्रश्न मात्र शिकवला नव्हता.

याच गृहीतकाची आणखी दोन रूपे आहेत. ब्राउझरमध्ये अर्धा सेकंद चालणारे गणित एका माणसाला थांबवते. नोडच्या एकाच इव्हेंट लूपवर तेच गणित त्या वेळी आलेल्या सर्वांना थांबवते. दुसरे रूप वेळेचे आहे. क्लाउडवरील यंत्रांचे घड्याळ बहुधा यूटीसी वेळेवर असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे 5 तास 30 मिनिटे आहे. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरने स्थानिक वेळेने छापलेली तारीख आपल्या ब्राउझरच्या तारखेहून एक दिवस मागे असते. कोड तोच असतो आणि आवृत्तीही तीच असते. उत्तरे दोन येतात.

आजची स्थिती

2015 मध्ये जावास्क्रिप्ट भाषेतच मॉड्यूल-पद्धत आली. नोडमध्ये 2019 च्या अखेरीस 13.2 या आवृत्तीपासून ती विशेष खूण न देता वापरता येऊ लागली. डिसेंबर 2024 मधील 22.12 या आवृत्तीपासून रिक्वायरनेही अशी मॉड्यूल्स घेता येतात, मात्र त्यांत वरच्या पातळीवरचे ‘अवेट’ नसावे. पॅकेजचा लेखक ‘पॅकेज.जेसन’मधील एक्स्पोर्ट्स या नोंदीत नोडसाठी एक फाइल आणि ब्राउझरसाठी दुसरी फाइल अशी विभागणी करू शकतो. रिअॅक्टच्या नव्या रचनेत ‘यूज क्लायंट’ अशी ओळ फाइलच्या आरंभी लिहून सीमा दाखवावी लागते.

म्हणजे फाइल शोधण्याचा प्रश्न आता जवळजवळ मिटला आहे. म्हणूनच आजच्या विद्यार्थ्याला अधिक सावध राहावे लागेल. पूर्वी ‘मॉड्यूल सापडले नाही’ ही त्रुटी निदान थांबवून विचार करायला लावत असे. आज लोड होणे इतके सोपे आहे की थांबण्याची जागाच उरलेली नाही. ‘विंडो परिभाषित नाही’ ही त्रुटी आली, तर तिला शत्रू समजून खोटी विंडो उभी करू नका. तुम्ही सीमा ओलांडत आहात, एवढेच ती सांगते.

मूल्यमापन आणि शिफारस

चार पद्धतींमध्ये माझा क्रम असा आहे. पहिली पद्धत स्वतःच्या पोटात सर्व काही असलेल्या, यूएमडी आवरणाच्या छोट्या लायब्ररीपुरती मान्य. दुसरी अमान्य. तिसरी जुन्या कोडचे स्थलांतर करताना तात्पुरती मान्य. चौथी चाचण्यांसाठी मान्य, सेवेसाठी अमान्य. नव्या प्रकल्पात एकाच साधनाने पॅकेजेस आणावीत आणि आवृत्ती कुलूप-फाइलने पक्की करावी. ‘एकच प्रत’ हा मूळ हेतू त्यानेच साधतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतःचा कोड तीन भागांत विभागावा. पहिला शुद्ध भाग : तपासणीचे नियम, गणिते, टेम्प्लेट. तो दोन्हीकडे चालावा. दुसरा फक्त ब्राउझरचा, तिसरा फक्त सर्व्हरचा. शुद्ध भागाने विंडो, वेळ किंवा वापरकर्ता स्वतः शोधू नये. ते त्याला बाहेरून दिले जावे. स्थिती ठेवावीच लागली, तर प्रत्येक विनंतीसाठी नवा ऑब्जेक्ट देणारे फंक्शन लिहावे.

कोणतेही फ्रंट-एंड पॅकेज सर्व्हरवर लोड करण्यापूर्वी पुढील चार प्रश्न विचारा :

1. हे पॅकेज विंडो किंवा डॉक्युमेंट यांना हात लावते का? लावत असेल तर लोड होताना, की फंक्शन बोलावल्यावर?
2. याच्या आतले रिक्वायर नेमकी कोणती आवृत्ती उचलतात?
3. याच्या वरच्या पातळीवर बदलणारी स्थिती आहे का? असल्यास ती कोणाची?
4. दोन वापरकर्ते एकाच क्षणी आले तर काय होईल?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे यंत्र देते. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे कोड वाचूनच मिळतात.

स्वाध्याय

1. वरच्या पातळीवर एक व्हेरिएबल ठेवून, त्यात विनंतीतील नाव लिहून, दोन सेकंद थांबून तेच नाव परत देणारा छोटा सर्व्हर लिहा. दोन ब्राउझरमधून एका सेकंदाच्या अंतराने वेगवेगळी नावे पाठवा. काय दिसते ते नोंदवा आणि नंतर तो दोष दुरुस्त करा.
2. वेगळ्या व्हीएम संदर्भात तयार केलेली यादी दोन्ही रीतींनी तपासा आणि फरकाचे कारण पाच ओळींत लिहा.
3. आपल्या चालू प्रकल्पातील एक पॅकेज निवडून वरील चार प्रश्नांची उत्तरे लिहा. प्रात्यक्षिकाच्या वेळी प्रकल्प किमान दोन संगणकांवरून एकाच वेळी चालवून दाखवा. आमच्या विभागात त्याशिवाय मी आता सही करत नाही.